कूलरला बॉल लावावा का?

मार्च निम्मा सरला की वऱ्हाडात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलतात, पंख्याला तेलपाणी होते, पत्र्याच्या तळाला डांबर फासले जाते आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढतो. नवा घ्यायचा असेल तर घरात चार दिवस चर्चा चालते: पंखा किती इंची, मोटरीला तांब्याचे वाइंडिंग आहे का, गवताच्या ताट्या की हनीकॉम्ब. टाकीत पाणी कुठून येणार आणि साचलेले पाणी कुठून जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. ते शेवटच्या दिवशी प्लंबर ठरवतो, नाहीतर हाताशी असलेला पाईप ठरवतो. माझे म्हणणे असे की अकोला-अमरावतीच्या पाण्यात कूलर किती वर्षे टिकेल, घराचे किती पाणी खाईल आणि त्याला हात लावणे धोक्याचे होईल की नाही, हे बरेचसे या दोन तोंडांवरच अवलंबून असते. त्यातही आत येणाऱ्या पाण्याच्या बॉलपेक्षा, म्हणजे टाकी भरली की फुग्याने आपोआप बंद होणाऱ्या तोटीपेक्षा, बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या कॉकवर जास्त.

विषय लहान वाटला तरी आमच्याकडे कूलर ही चैन नाही. मे २०२४ च्या अखेरीस पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावे लागले. कामगारांसाठी पिण्याचे पाणी आणि पंखे यांची सोय करणे मालकांवर बंधनकारक झाले, खासगी शिकवण्यांना दुपारी वर्ग घेण्यास मनाई झाली. अशा दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत म्हातारे माणूस आणि तान्हे मूल तगते ते कूलरच्या झोतावर. एसी घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि ज्यांना परवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण दीड टनाचा एसी भर दुपारी दीड किलोवॉटच्या आसपास वीज ओढतो, तर खोलीचा कूलर पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या घरात चालतो. वऱ्हाडातल्या बहुतेक घरांसाठी हा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

वीज वाचते, पण तिची किंमत पाण्यात मोजावी लागते. ती किती, याचा हिशेब घरोघरी झालेला नसतो. बाहेर ४५ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर या दोन आकड्यांमधले तीन चतुर्थांश अंतर सहज कापतो, म्हणजे झोत २८ ते ३० अंशांचा मिळतो. हा गारवा फुकट येत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि तेवढी उष्णता हवेतून जाते. पंखा तासाला तीन हजार घनमीटर हवा ओढत असेल, तर ती पंधरा अंशांनी गार करायला तासाला वीस लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. पंखा लहान असेल, वेग कमी असेल तर पंधरा धरा. रोज दहा तास चाललेला कूलर दीडशे ते दोनशे लिटर पाणी पितो. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोजचे १३५ लिटर धरतात. म्हणजे कूलर लावला की घरात एक माणूस वाढला, आणि तोही जरा जास्तच तहानलेला.

आता हे पाणी येते कुठून ते पाहू. अकोल्याला ते बार्शिटाकळी तालुक्यातल्या महान इथल्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. कूलरचे महिने आणि धरण तळाला जाण्याचे महिने एकच. अकोल्यात उन्हाळ्यात नळ रोज येत नाहीत. नळ आले की टाकी, हौद, ड्रम, हंडे सगळे भरून घ्यायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे, ही इथली घरोघरची शिस्त आहे. बॉलबद्दलची पहिली आणि रास्त भीती इथूनच येते. गच्चीवरच्या टाकीतून कूलरला थेट नळी जोडली, टोकाला बॉल बसवला आणि तो रात्री अडकला, तर सकाळी उठेपर्यंत टाकी रिकामी आणि कूलरखालची गल्ली ओली. रोज नळ येणाऱ्या घरात हे नुकसान एका टाकीपुरते. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात ते सगळ्या कुटुंबाचे हाल असतात. म्हणून पुष्कळ जुनी माणसे ठामपणे सांगतात, बॉल नको, संध्याकाळी पाईप लावून टाकी भरा आणि तोटी बंद करा.

या सल्ल्यात शहाणपण आहे. पण त्याची दुसरी बाजू जिवाशी गाठ घालणारी आहे. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. त्यांतल्या बऱ्याच बातम्यांत एक गोष्ट सारखी असते: कूलर चालू होता आणि कोणीतरी त्यात पाणी भरत होते. पंपाची तार पाण्यात बुडालेली असते, तिचे आवरण एखाद्या वर्षी उंदराने कुरतडलेले किंवा पत्र्याच्या धारेने कापलेले असते, अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांचा प्लग लावलेला असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ओल्या हाताने बादली ओतणाऱ्या माणसाच्या अंगातून मग वीज जमिनीला जाते. असे पाणी भरणारी बहुधा घरातली बाई असते किंवा शाळकरी पोर. बॉल लावलेल्या घरात या घटकेची गरजच उरत नाही. रोज एकदा, कधी दोनदा कूलरजवळ पाण्याची बादली घेऊन जाण्याची वेळ टळते. माझ्या मते बॉलच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. पाण्याच्या नुकसानीचा मुद्दा कितीही खरा असला तरी तो याच्या पुढे जाऊ शकत नाही.

अर्थात बॉल लावला म्हणजे शॉक टळला असे नाही. टाकी साफ करायला हात घालावा लागतोच. तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढलाच पाहिजे. वायरिंग उलटे झालेल्या घरात बटण बंद असतानाही तारेत वीज असू शकते. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, बसवणे हा खरा उपाय. साधा एमसीबी तारा वाचवण्यासाठी असतो, शॉक बसलेल्या माणसासाठी तो वेळेवर पडेलच असे नाही. हा खर्च कूलरच्या खर्चातच धरावा.

हाताने भरण्याचा आणखी एक तोटा रात्री तीनला कळतो. टाकी आटते, पंप कोरडा फिरतो आणि जळतो. हे पंप पाण्यात बुडून राहिले तरच गार राहतात. शिवाय ताट्या सुकल्या की झोत गरम येतो आणि झोपेतून उठून कोणीतरी अंधारात पाईप शोधू लागते. आजारी माणसाच्या खोलीत किंवा दोघे म्हातारेच राहतात अशा घरात ही कसरत मागणे बरोबर नाही.

बॉलविरुद्ध नेहमी ऐकू येणारी एक तक्रार मात्र मोजून पाहिली की टिकत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी कढत असते, ते कूलरमध्ये आले तर कूलर काय गार करणार, असे लोक म्हणतात. एक लिटर पाणी पंधरा अंशांनी गार करायला जेमतेम ६३ किलोज्यूल लागतात, त्याची वाफ होताना २४०० किलोज्यूल ओढले जातात. गरम पाण्याने होणारा तोटा शंभरातल्या दोन-तीन भागांचा. टाकीत बर्फ टाकण्याचा फायदाही याच कारणाने घटकाभराचा असतो. गारवा पाण्याच्या थंडपणातून येत नाही, ते उडून जाण्यातून येतो.

मग खरी अडचण कुठे आहे? ती पाण्यात विरघळलेल्या गोष्टीत आहे. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही आणि कूलरसोबत येणाऱ्या पुस्तिकेतही त्याला जागा नसते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या विहिरी-बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आपण मधलाच आकडा धरू, लिटरला दीड ग्रॅम. कूलरने दिवसात असे दीडशे लिटर पाणी उडवले, तर पाणी गेले पण त्यातला २२५ ग्रॅम क्षार मागे राहिला. पंधरा दिवसांत तीन किलोंच्या वर. तो जातो कुठे? थोडा टाकीत, थोडा ताट्यांच्या गवतात, थोडा पंपाच्या जाळीवर आणि थोडा थेट बॉलच्या तोंडात.

महिनाभर खाऱ्या पाण्यावर चाललेला बॉल काढून हातात घ्या. दांडीच्या मुळाशी, जिथे रबराची चकती भोकावर बसते, तिथे पांढरी खरखरीत कडी जमलेली दिसेल. नखाने निघत नाही, लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावे लागते. चकती कडक होऊन तिच्यावर भोकाची गोल खूण उमटलेली असते. फुगा वर गेला तरी चकती नीट बसत नाही आणि बारीक धार चालूच राहते. कधी उलट होते, कडीने भोकच बुजते आणि टाकी कोरडी पडते. कूलर दुरुस्त करणारे सांगतात, ‘‘खाऱ्या पाण्यात कोनताच बॉल टिकत नाई भाऊ.’’ त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे. पण त्यावरून बॉलच नको असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. बॉल बिघडतो तो टाकीतल्या पाण्यामुळे, आणि टाकीतले पाणी तसे होते ते कोणी बाहेर काढत नाही म्हणून.

हाताने भरणारा माणूस निदान टाकीत डोकावतो. कडेला पांढरी रेघ दिसली, वास आला की तो टाकीचे बूच उपटून पाणी सोडून देतो. बॉल लावला की टाकी नेहमी भरलेली, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पाणी उडते, नवे पाणी येते, क्षार मात्र साचत जातो आणि मे संपेपर्यंत टाकीत मिठागराचे पाणी झालेले असते. बॉलची सोय आणि बॉलचा दोष एकाच ठिकाणी आहेत.

यावर उपाय एकच, थोडे पाणी मुद्दाम सोडत राहणे. पण इथे हिशेब नको तितका टोचतो. टाकीतला क्षार मूळ पाण्याच्या तिपटीवर थांबवायचा असेल, तर जितके पाणी उडते त्याच्या निम्मे सोडून द्यावे लागते. दीडशे उडाले तर पंच्याहत्तर सोडायचे. चौपटीवर थांबवायचे तर पन्नास. नळाची वाट पाहणाऱ्या घराला पन्नास लिटर सोडून द्या म्हणणे सोपे नाही, आणि मी ते सहज म्हणत नाही. ज्यांच्याकडे धरणाचे गोड पाणी आहे त्यांनी सहापटीपर्यंत जायला हरकत नाही, म्हणजे तीस लिटरांत काम भागते. सोडलेले पाणी बादलीत धरले तर संडासात टाकायला, अंगण धुवायला चालते. कुंडीतल्या झाडांना मात्र खारे पाणी घालू नये, ती जळतात. बोअरचे खारे पाणी आणि नळाचे गोड पाणी दोन्ही असलेल्या घरांत लोक गोड पाणी प्यायला राखून खारे कूलरला घालतात. त्यांना दोष कसा देणार? पण त्यांनी दर वर्षी ताट्या बदलाव्या लागतील हे धरून चालावे आणि महागड्या हनीकॉम्बच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या बारीक घरांत क्षार बसला की तो साफ होत नाही. गवताच्या ताट्या स्वस्त आहेत, हंगाम संपला की फेकता येतात.

पंपाच्या नळीवर जो छोटा कॉक असतो त्याबद्दलही एक गैरसमज आहे. तो अर्धा बंद केला की पाणी वाचते असे मानून लोक ताट्यांवर बारीक धार सोडतात. जे पाणी उडत नाही ते खाली टाकीतच परत येते, तेव्हा धार मोठी असली म्हणून पाणी जास्त खर्च होत नाही. बारीक धारेने ताटीचा काही भाग सुकतो, तिथून गरम हवा आत येते आणि सुकलेल्या भागावर क्षार घट्ट बसतो. खाऱ्या पाण्यात तर धार मोठीच हवी, ताटी धुतली जावी म्हणून. कॉक पूर्ण बंद करून नुसता पंखा चालवायचे दिवस वेगळे, ते मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाल्यावर येतात. तेव्हा पाणी चालू ठेवले तर गारवा मिळत नाही, नुसती चिकचिक होते.

बॉल निवडायचाच तर कोणता? पितळी की प्लास्टिक, यावर दुकानात वाद चालतात. पितळेचा दांडा उन्हात ठिसूळ होत नाही, आटे झिजत नाहीत, पण किंमत कैक पट आणि खाऱ्या पाण्यात तोही हिरवा पडतोच. प्लास्टिकचा उन्हात दोन-तीन हंगामांत तडकतो, पण बदलणे स्वस्त पडते. टाकीच्या आत सावलीत बसणारा असेल तर मी प्लास्टिकचा घेईन आणि दर मार्चला नवा लावेन. जास्त महत्त्वाचे आहे ते भोक. नळाच्या मोठ्या दाबासाठीच्या बॉलला भोक बारीक असते, गच्चीच्या टाकीच्या कमी दाबासाठीच्या बॉलला मोठे. तीन मिलिमीटरच्या भोकातूनसुद्धा तीन मीटर उंचीवरच्या टाकीचे पाणी तासाला शंभर लिटरच्या वर येते. कूलरला लागतात वीस. तेव्हा पाणी पुरेल की नाही ही चिंता नको, बारीक भोक कडीने लवकर बुजते एवढीच नड आहे. म्हणून खारपाणपट्ट्यात मोठ्या भोकाचा घ्यावा आणि त्याच्या आधी एक साधा कॉक हवाच. घर बंद करून लग्नाला निघालात की तो बंद करायचा.

टाकी रिकामी होण्याच्या भीतीवर मला सर्वांत पटलेली तोड ड्रमची आहे. कूलरपेक्षा थोडा उंच, विटांच्या ओट्यावर दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवायचा, तो दिवसातून एकदा उभे राहून भरायचा आणि त्याच्या तळाच्या तोटीतून कूलरच्या बॉलला नळी द्यायची. बॉल अडकला तरी ड्रमपुरतेच पाणी जाते, गच्चीची टाकी शाबूत राहते. रोज किती पाणी खर्च झाले तेही डोळ्यांना दिसते. विजेच्या वस्तूपासून चार पावले दूर उभे राहून पाणी भरता येते. जागा लागते हा तोटा आहेच. फ्लॅटच्या गॅलरीत तो मांडता येणार नाही, आणि तिथे सोसायटीच्या टाकीवरून बॉल व त्याआधी कॉक एवढ्यावर भागवावे लागेल.

आता बाहेरचे तोंड. बाजारात मिळणाऱ्या आणि गल्लीत पत्रा वाकवून बनवलेल्या बहुतेक कूलरना निचऱ्याचे भोक बाजूच्या पत्र्यात, तळापासून बोटभर वर असते. बूच काढले तरी तळाला थर राहतो. त्याच थरात क्षार, गाळ आणि डासांच्या अळ्या राहतात. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठवडा-दहा दिवसांत उडता होतो, म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. त्याची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने जिवंत राहतात, तेव्हा पाणी सोडून भागत नाही, कडा घासून काढाव्या लागतात. नेहमी भरलेल्या टाकीला, म्हणजे बॉलच्या कूलरला, हा नियम दुप्पट लागू आहे.

कूलर बनवणाऱ्या अकोला-अमरावतीच्या कारागिरांकडे म्हणून माझी एक साधी मागणी आहे. तळाचा पत्रा एका कोपऱ्याकडे किंचित उतरता ठेवा, त्या कोपऱ्यात खालूनच अर्धा इंची कॉक द्या आणि बाजूला अर्थिंगचा वेगळा स्क्रू द्या. कूलरच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. गिऱ्हाइकाने विचारले तर तो नक्की बसवून मिळेल.

राहिला भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न. अमरावतीत शिकायला आलेली पोरे एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात आणि घरमालक टाकीला कूलरची नळी जोडू देत नाहीत. पाणी संपते ही त्यांची तक्रार खरी आहे, रोज दीडशे लिटर म्हणजे थोडे नव्हे. पण त्याचा परिणाम असा की वीस वर्षांचा पोरगा रात्री चालू कूलरमध्ये बादली ओततो. मालकाने ड्रमपुरते पाणी ठरवून द्यावे, हवे तर त्याचे पैसे वेगळे घ्यावेत, आणि खोलीच्या बोर्डात आरसीसीबी स्वतःच्या खर्चाने बसवावा. पोरांनी रविवारी विजेचा प्लग काढून टाकी सोडावी, घासावी. मार्चमध्ये खोली भाड्याने देताना भाडे, डिपॉझिट आणि लाइट बिलाबरोबर हेही तेव्हाच बोलून घ्यावे.